सीईटीत प्रश्न कोरा सोडू नका
'खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्या, गुण वाचतील' हा तुमच्या लेखातला सल्ला जेईई मेनला (अभियांत्रिकीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) ठीक आहे, तिथे चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. पण लेख एमएचटी-सीईटीवर, म्हणजे महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेवर आहे आणि तिथे निगेटिव्ह मार्किंगच नाही! कृपया हे वाक्य दुरुस्त करा, मुलं ते खरं मानून परीक्षेला बसतील. माझ्या मुलीने क्लासमध्ये प्रश्न सोडून द्यायचा हाच सल्ला ऐकला होता. पहिल्या सराव परीक्षेत तिने गणिताचे अकरा प्रश्न कोरे ठेवले. गणिताचा एकेक प्रश्न दोन गुणांचा, म्हणजे बावीस गुणांना तिने हातच लावला नव्हता.

मग आम्ही एवढंच ठरवलं: गणिताच्या नव्वद मिनिटांतली शेवटची पाच राखून ठेवायची आणि उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला, निदान एक-दोन पर्याय खोडून, उत्तर द्यायचंच. गणिताचे गुण पुढच्याच सरावात वाढले. भौतिक-रसायनाला मात्र हे जड गेलं. तिथे नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न, एकेकाला मिनिटभरही मिळत नाही. त्यासाठी तिने रसायनशास्त्र आधी उरकायची सवय लावली. आणि हो, सीईटीच्या प्रश्नपत्रिकेत अकरावीचा भाग वीस टक्क्यांच्या आसपास असतो, तोही लेखात यायला हवा होता.