कॉफीची केस ‘फ्रिव्हलस’ होती का?

एक जुना मेसेज पुन्हा फिरतोय: ‘अमेरिकेत एका बाईने गाडी चालवताना मॅकडोनाल्ड्सची कॉफी अंगावर सांडून घेतली, केस ठोकली आणि लाखो डॉलर खिशात घातले. फ्रिव्हलस केसेसचा हा अस्सल नमुना!’

गाडी चालवताना? स्टेला लीबेक, वय ७९, शेजारच्या सीटवर होत्या. फेब्रुवारी १९९२, न्यू मेक्सिकोतलं अल्बुकर्क शहर. दूध-साखर घालता यावी म्हणून नातवाने गाडी उभी केली होती.

‘कॉफी गरम असणारच’, हे पुढचं पालुपद. ही कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सियसला ठेवली जायची. एवढ्या तापमानाला काही सेकंदांत कातडी आतपर्यंत भाजते. त्यांची सहा टक्के त्वचा थर्ड डिग्री भाजली, आठ दिवस हॉस्पिटलात काढावे लागले, त्वचारोपण करावं लागलं. त्याआधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या सातशेहून जास्त तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या, हेही कोर्टात निघालं.

लाखो डॉलरचं म्हणाल, तर त्यांनी आधी मागितले होते २०,०००. कंपनीने देऊ केले ८००. (हा आकडा मेसेजमध्ये कधीच नसतो.) १९९४ मध्ये ज्युरीने भरपाई ठरवली २ लाख, त्यातून लीबेकबाईंचा स्वतःचा दोष २० टक्के धरून ४० हजार कापले. वर दंडात्मक भरपाई २७ लाख. मथळे इथेच थांबले. न्यायाधीशांनी हा दंड ४ लाख ८० हजारांवर आणला, म्हणजे एकूण ६ लाख ४० हजार. पुढे दोन्ही बाजूंनी तडजोड केली, तिची रक्कम गुप्त आहे.

आता ते विशेषण. बोलताना ‘फ्रिव्हलस’ म्हणजे उथळ, थिल्लर, क्षुल्लक. कॉफी सांडणं क्षुल्लक वाटतं, म्हणून केसही तशीच, असा हा हिशेब. कोर्टात तो शब्द विषयाचं वजन करत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या नाइट्झकी विरुद्ध विल्यम्स खटल्यात सांगितलेला अर्थ असा: कायद्यात किंवा वस्तुस्थितीत वाद घालण्याजोगा आधारच नसलेला दावा. दोन डॉलरचा दावाही साधार असू शकतो आणि दोन कोटींचा फ्रिव्हलस. उगाच तसला दावा लावणाऱ्या वकिलावर कारवाईही होऊ शकते, त्यामुळे हा शब्द शिवीसारखा भिरकावण्यातला नाही.

आणि हरलेली केस फ्रिव्हलसच, हेही खरं नाही. इंग्लंडमध्ये २००२ साली याच कंपनीविरुद्ध गरम पेयांवरूनच ३६ जणांचे दावे हायकोर्टात आले. लोकांना गरम कॉफीच हवी असते आणि ती सांडली तर भाजेल हेही त्यांना ठाऊक असतं, असं म्हणत न्यायाधीशांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मला तो निकाल पटण्यासारखा वाटतो. पण तिथेही दोन्ही बाजूंचं ऐकून, तज्ज्ञांचे पुरावे तपासूनच तो लागला.