देव्हाऱ्यातला हत्ती

आमच्या घरात चांदीकडे नुसतं बघत बसायची पद्धत नाही. चांदी पूजायची असते, घासायची असते, बारशाला द्यायची असते आणि अगदीच वेळ आली तर मोडायची असते. पन्नास वर्षं हे बघत आलो, तरीही मी सोमालियाचा हत्ती मागवला.

हत्ती म्हणजे नाणं. एक ट्रॉय औंस, म्हणजे 31.1 ग्रॅम शुद्ध चांदी. ही मालिका सोमालियाच्या नावाने 2004 पासून दरवर्षी निघते आणि हत्तीचं चित्र दर साली नवं असतं. माझा 2010 चा. नाव सोमालियाचं, दर्शनी किंमत शंभर शिलिंग, आणि पाडतात मात्र जर्मनीत, बव्हेरियाच्या टांकसाळीत. आफ्रिकेतला गवताळ रानातला हत्ती 2021 पासून धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. यादीवाल्यांनी आमचं घर पाहिलं असतं, तर त्याला आणखी एक पायरी खाली टाकलं असतं.

नाणं आलं त्या दिवशी शेजारचे काका बघायला आले. मागच्या बाजूला सोमालियाचं राजचिन्ह, त्यात ढाल धरून उभे दोन बिबटे. काकांनी नाणं थेट अंगठ्याखाली दाबलं (कडेने धरायचं असतं, बोटाच्या तेलाचाही डाग राहतो, पण सांगणार कोण) आणि म्हणाले, "बिबटे बघायला एवढे पैसे घातलेस? ऊसतोड सुरू होऊ दे, फुकट येतील कॉलनीत."

मी नाणं पारदर्शक डबीत बंद केलं. रबर, लोकर, वर्तमानपत्राचा कागद, सगळं लांब ठेवलं. यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. घरात सगळ्यांना बजावलं, "हात लावायचा नाही." हे वाक्य आईने ऐकलं. तिच्या कोशात "हात लावायचा नाही" म्हणजे सोवळं. आणि सोवळ्यातल्या वस्तूची जागा ठरलेली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी झेंडू घेऊन घरी आलो, तर डबी ओट्यावर, शेजारी सुरी, आणि हत्ती ताम्हनात दुधात बसलेला.

"आई! हे काय?"

"गजलक्ष्मी आहे ना."

"यात लक्ष्मी कुठे दिसली तुला?"

"गज तर आहे. लक्ष्मी येईल मागून."

जाणकार लोक चांदीच्या नाण्यावर आपोआप उमटणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांना 'मिल्क स्पॉट' म्हणतात आणि त्यावर तासन्‌तास हळहळतात. माझ्याकडे अस्सल होते, म्हशीचे.

दुधावर हळदकुंकू चढलं. पाडव्याला सकाळी आईला नाणं मळकट वाटलं. तिने चिंच लावली आणि वर रांगोळी घेऊन अंगठ्याने गोल गोल घासलं. मी पोचलो तेव्हा कानावरच्या सुरकुत्या गेल्या होत्या. घासलेलं नाणं संग्राहकाच्या हिशेबी संपलं, हे मी तिला कळवळून सांगितलं.

"देवाची भांडी मी कधी काळी पडू दिली नाहीत, हत्ती पडू देईन?"

"हत्ती काळाच असतो गं!"

मनाची समजूत काढायला मी जोगळटेंभी आठवली. नाशिकजवळच्या या गावी 1906 मध्ये नहपान या शक क्षत्रपाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या दोनतृतीयांश नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, आपला ठसा मारून घेतला होता. नहपानाच्या नाकावर थेट सातकर्णीचा छाप! ही गोष्ट मला अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात पहिल्यांदा कळली आणि तिथूनच हा नाद लागला. तर गोदाकाठी दुसऱ्याच्या चांदीवर आपली मोहोर उठवायची रीत जुनी आहे. फक्त सातकर्णीने आधी युद्ध जिंकलं होतं. आईला त्याचीही गरज पडली नाही.

तरी एक आशा म्हणून सराफ बाजारात गेलो. शेठनी नाणं काट्यावर टाकलं. 31 ग्रॅम आणि वर थोडं. "मोडायचंय?"

"नाही हो, किंमत विचारतोय."

"आजचा चांदीचा भाव."

"आणि हत्तीचे?"

शेठनी चष्मा वर केला. "साहेब, हत्तीचे वेगळे कसे देऊ? हत्ती वितळतो ना."

नाणं पुन्हा खिशात टाकलं. सुट्ट्या पैशांत. आता डबी कशाला!

घरी आलो तर आई देव्हाऱ्यात त्याची जागा पुसून वाटच बघत होती. नाणं अन्नपूर्णेशेजारी टेकवलं, कुंकू लावलं, दोन पावलं मागे सरकून नीट न्याहाळलं.

"एकटा बरा दिसत नाही रे. अजून एक मागव, जोडी होईल. आणि त्यांना म्हणावं, या खेपेला जरा गुळगुळीत पाठवा. त्या कानात रांगोळी अडकते."