‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’

आज सकाळी शाळेच्या बसथांब्यावर आमच्या सोसायटीतली एक आई लेकीला कडेवर घेऊन उभी होती. मुलगी चार वर्षांची, डोळे लालबुंद, उजेडात उघडवत नव्हते. काल संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तिनं मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाहिला. रिठे पाण्यात कुस्करा, फेस काढा, डोक्यावर ओता, केमिकलमुक्त केस, एवढंच त्यात होतं. तिनं तसंच केलं. फेस मुलीच्या डोळ्यांत गेला, मुलगी किंचाळली आणि रात्र रडण्यात गेली. थांब्यावर ती मला म्हणाली, “नैसर्गिक आहे, काही होत नाही असं म्हणाले होते. माझंच चुकलं.”

हे ‘माझंच चुकलं’ दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

तिचं काहीही चुकलेलं नाही. चुकलं ते प्रमाण न सांगता कृती सांगणाऱ्यांचं. रिठा डोळ्यांना झोंबतो हे आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या बाईला ठाऊक होतं. ज्या सॅपोनिनमुळे रिठ्याला फेस येतो, तेच डोळ्याच्या नाजूक पृष्ठभागाला जाळतं. सराफ दागिने रिठ्याच्या पाण्यात धुतात, रेशमी आणि लोकरीचे कपडे त्यात निघतात, इतकी ताकद आहे त्यात. ती ताकद चार वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर पातळ न करता ओतायला सांगणं हा सरळसरळ बेजबाबदारपणा आहे. सहा-सात वर्षांपर्यंत रिठा नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि डोळ्यांत गेलाच, तर गुलाबपाणी नाही, तूप नाही, आईचं दूध नाही. डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याची हलकी धार पंधरा मिनिटं सोडायची. त्यानंतरही दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

आता ज्यांना हे करायचंच आहे त्यांच्यासाठी नीट सांगते, कारण करण्यासारखं नक्कीच आहे.

खांद्यापर्यंतच्या केसांच्या दोन न्हाण्यांसाठी शिकेकाईच्या दहा-बारा शेंगा, चार रिठे आणि मूठभर आवळकाठी पुरते. शेंगांतल्या आणि रिठ्यांतल्या बिया आधी काढायच्या. फेस सालीत असतो, बीत नाही, आणि बीचे कण केसांत वाळूसारखे अडकतात. हे सगळं लिटरभर पाण्यात, स्टीलच्या पातेल्यात रात्रभर भिजवायचं. लोखंडी कढईत भिजवाल तर आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून पाणी काळं होतं. मेंदीसाठी ते ठीक, पण पांढऱ्या टॉवेलाची वाट लागते. सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळायचं, झाकण अर्धवट ठेवून, नाहीतर रिठा दुधासारखा उतू जातो. कोमट झालं की हातानं कुस्करायचं आणि सुती कपड्यातून गाळायचं. चहाच्या गाळणीतून गाळलं की चोथा खाली उतरतो, आणि मग “शिकेकाईनं डोक्यात कोंडा झाला” म्हणून तक्रार येते. तो कोंडा नसतोच, शेंगेचा भुगा असतो.

हा काढा फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. त्यानंतर आंबतो, वास येतो. नोकरी करणाऱ्या बाईनं रविवारी एकदाच दुप्पट करावा आणि दोन-दोन वाट्यांचे डबे फ्रीजरमध्ये ठेवावेत. आदल्या रात्री एक डबा खाली काढला की सकाळी गॅससमोर उभं राहावं लागत नाही. वेळ वाचवण्याचा एवढा एकच मार्ग मला खरा वाटतो. बाकी ‘पाच मिनिटांत नैसर्गिक’ वगैरे जे दाखवतात, त्यात पुढचा गुंता सोडवायचा अर्धा तास कुणी मोजत नाही.

पूड करायची असेल तर अर्धा किलो शिकेकाईला शंभर ग्रॅम आवळकाठी, शंभर ग्रॅम रिठ्याची साल, पन्नास-पन्नास ग्रॅम मेथी, नागरमोथा आणि गव्हला-कचोरा (सुगंधी काष्ठौषधी). दोन दिवस कडक उन्हात वाळवून डंकावर किंवा घरगुती चक्कीवर दळायचं. नाकाला फडकं बांधूनच, कारण शिंकांनी जीव जातो. आणि वस्त्रगाळ करायची. हा शब्द आपल्या आज्यांनी उगाच नाही ठेवला. नुसती चाळलेली पूड थेट केसांवर थापली की ती ओल्या केसांत रुतते आणि चार बादल्या पाण्यानंही निघत नाही. तीन चमचे पूड वाटीभर गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, गाळा आणि ते पाणी वापरा. पूड केसांवर लावायची नाही, पूडीचं पाणी लावायचं. हे एक वाक्य त्या व्हिडिओत असतं तरी पुष्कळ होतं.

दुसरी चूक तेलाची. वाटीभर तेल चोपडायचं आणि शिकेकाईनं ते निघेल अशी आशा धरायची. निघत नाही. शिकेकाई सौम्य आहे, साबणासारखी तेलावर तुटून पडत नाही. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन छोटे चमचे खोबरेल पुरतं, न्हाण्याआधी तास-दोन तास. खोबरेल केसाच्या आतपर्यंत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी वाया जातं. 2003 साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून हे दाखवलं होतं. ते संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलं होतं, हेही सांगून टाकते, पण अनुभव त्याच्याशी जुळतो. एरंडेल मात्र नुसतं लावू नका. ते इतकं चिकट असतं की लांब केस धुताना त्यांचा एकाएकी नमद्यासारखा घट्ट गोळा होऊ शकतो, आणि मग कात्रीशिवाय इलाज राहत नाही. लावायचंच तर चार भाग खोबरेलात एक भाग.

आणि कोंड्यावर तेल? नाही, नाही, नाही. टाळूवरची जी बुरशी कोंड्याच्या मुळाशी असते, तिला तेल हे खाद्य आहे. तेलानं खवले बसतात, दिसत नाहीत, म्हणून बरं वाटतं. कोंडा हट्टी असेल तर केटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोनदा लावा, पाच मिनिटं ठेवून धुवा. हो, तो केमिकलचा आहे. इथे तोच चालतो, मी मान्य करते आणि पुढे जाते.

खायचा सोडा आणि लिंबू! हे पाहिलं की माझा पारा चढतो. आपल्या टाळूचा सामू (पीएच) साडेपाचच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. सोड्याचा आठच्या वर. सोड्यानं केसावरचे खवले उचलले जातात, केस एकमेकांत अडकतात, तुटतात. मग ते ‘बॅलन्स’ करायला लिंबू पिळतात, ज्याचा सामू दोन-अडीच. केस म्हणजे काय स्वयंपाकघरातली मोरी आहे? शिवाय लिंबाचा रस अंगावर ओघळलेला असताना उन्हात गेलं की कातडीवर काळे-तपकिरी चट्टे उठतात आणि महिनोन्‌महिने जात नाहीत. गच्चीवर केस वाळवायला बसणाऱ्या मुलींना हे कुणी सांगत नाही.

त्या मुलीचे डोळे पुन्हा आठवले. आई तिला सावलीत घेऊन उभी होती, पदराची कड डोळ्यांवर धरून. “आमच्या आईकडे तर सगळ्या शिकेकाईनंच न्हायच्या, कुणाला काही झालं नाही,” असं ती म्हणत होती. खरं आहे तिचं. पण तेव्हा न्हाणं ही एकटीनं उरकायची गोष्ट नव्हती. न्हाणीघरात एक जण पाटावर मान खाली घालून बसायची, दुसरी तांब्यानं पाणी ओतायची, डोळ्यांवर पंचा असायचा, आणि तिसरी कुणीतरी धुपाटणं तयार ठेवायची. बंबात पाणी तापलेलं असायचं आणि न्हाण्याचा वार ठरलेला असायचा. शिकेकाई हा चार हातांचा उपाय आहे. आपण तो दोन हातांच्या बाईच्या गळ्यात घातला, तोही सकाळी सव्वासातच्या बसआधी, आणि जमला नाही की तिलाच आळशी ठरवलं.

म्हणून एकट्या बाईसाठी: न्हाणीघरात उभ्यानं नाही, बेसिनपाशी किंवा बादलीवर वाकून, केस पुढे घेऊन काढा ओता. पाणी कपाळाकडून खाली पडतं, डोळ्यांत येत नाही. मुलांना उलटं, मान मागे टाकून, कपाळावर चौघडी टॉवेल. केसांपेक्षा टाळूवर बोटं फिरवा, फेस कमी येईल, त्याची चिंता नको. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा जसा पांढरा थर बसतो तसा शिकेकाईचा बसत नाही, हा तिचा मोठा गुण. पहिल्या चार-पाच न्हाण्यांना केस राठ वाटतील. शाम्पू-कंडिशनरच्या गुळगुळीत थराची हाताला सवय झालेली असते, तो थर आता नसतो. राठपणा सोसवत नसेल तर जास्वंदीची सात-आठ ताजी पानं पाण्यात कुस्करून त्यांचा बुळबुळीत रस गाळून लावा, दहा मिनिटांनी धुवा. जवसाचा जेल करत असाल तर पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात आठ-दहा मिनिटं उकळा आणि गरम असतानाच गाळा. गार झाल्यावर तो गाळणीतून उतरत नाही, सगळी मेहनत फुकट. कोरफडीचं पान कापल्यावर पंधरा मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक निथळू द्या. खाज येते ती त्या चिकानं, गरानं नाही.

मेंदीबद्दल मात्र मला मवाळ लिहिता येणार नाही. खऱ्या मेंदीनं पांढरा केस केशरी-तांबूस होतो. काळा कधीच होत नाही. ‘काळी मेंदी, अर्ध्या तासात’ असं ज्या पुडीवर लिहिलंय, तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्यानं टाळू सुजते, डोळे बंद होतात, कानांमागे पाणी सुटतं, आणि एकदा ॲलर्जी झाली की ती जन्मभराची. वर पानाफुलांचं चित्र छापून हे विकतात! पुडीवरचे घटक वाचा, आणि कानामागे थोडं लावून 48 तास वाट पाहा. खरी मेंदी, राजस्थानातल्या सोजतची बारीक चाळलेली मिळाली तर उत्तम, शंभर ग्रॅम चहाच्या कोमट पाण्यात दह्याइतकी दाट कालवून सहा ते आठ तास झाकून ठेवा. वरचा थर गडद झाला की रंग सुटला. तेल न लावलेल्या, धुतलेल्या केसांवर दोन-तीन तास ठेवा, नुसत्या पाण्यानं धुवा. पक्का रंग दोन दिवसांनी दिसतो. काळा हवा असेल तर मेंदी धुतल्यावर निळीच्या पानांची (इंडिगो) पावडर, कपड्यांची नीळ नव्हे. ती मात्र आधी भिजवायची नाही, कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवली की दहा-पंधरा मिनिटांत लावायची, लिंबू अजिबात नाही. तान्ह्या बाळांच्या अंगाला मेंदी लावू नका, काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात.

उवांचंही सांगते, कारण शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावू नका. उवा मरतात हे खरं, पण ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला जखम होते. रॉकेल तर विचारातही आणू नका. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून बारीक दातांच्या फणीनं दर तीन दिवसांनी, दोन आठवडे, टाळूपासून टोकापर्यंत विंचरा. लिखेतून ऊ निघायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून एकदाच विंचरून भागत नाही. कंटाळवाणं आहे, मान्य. पण डोळे शाबूत राहतात.

आणि ज्या ओल्या बाळंतिणी हे वाचतायत त्यांना, अगदी हळू आवाजात: बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की केस मुठीनं गळतात. गरोदरपणात जे केस गळायचे थांबले होते ते एकदम गळतात, एवढंच. बहुतेकींचं बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत थांबतं. कांद्याचा रस, माका, मेथी, कशानंही ते महिनाभर आधी थांबत नाही, आणि तुम्ही लावलं नाही म्हणून ते वाढतही नाही. थांबलंच नाही तर रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून घ्या. कुणी “तेल लावत नाहीस म्हणून” असं म्हणालं तर त्यांना ही पोस्ट दाखवा.

थांब्यावरच्या त्या आईला दुपारी फोन केला. डॉक्टरांनी थेंब दिलेत, सूज उतरतेय. तिनं विचारलं, आता रविवारी काय लावू? मी म्हटलं, लहान मुलांचा साधा सौम्य शाम्पू, छोटा चमचाभर, मगभर पाण्यात मिसळून. कपाळावर चौघडी टॉवेल, मान मागे. आणि पाणी ओतायला मुलीच्या बाबांना उभं कर.