रेकॉर्ड्सच्या वेडाबद्दल अमळनेरच्या दादांना

नमस्कार दादा,

जुन्या, विसरलेल्या रेकॉर्ड्सवरच्या माझ्या लेखांबद्दलची तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मनापासून लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं: एखादी रेकॉर्ड कुणी ऐकलेली नाही, एवढ्यावरच मी तिला डोक्यावर घेतो. मला सगळंच उत्तम वाटतं, म्हणजे पारख नाही. आणि जळगावात राहून जर्मनी-इंग्लंडच्या विसरलेल्या मंडळींचं कौतुक करण्यापेक्षा मी आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांवर लिहावं.

तुमचा पहिला आक्षेप चरणजित सिंग यांच्यावरच्या लेखावरून आहे, तर तिथूनच बोलू. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वर्षानुवर्षं साथ केलेल्या या वादकाने १९८२ साली एचएमव्हीकडून एक रेकॉर्ड काढली. डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. भैरवी, ललित, तोडी, मालकंस आणि बाकीचे, सगळे सिंथेसायझरवर. ती फारशी कुणाच्या कानावर पडली नाही. आता त्यात आहे काय, ते बघा. बासच्या, म्हणजे खालच्या खर्जातल्या सुरावटीसाठी त्यांनी रोलंड कंपनीचं टीबी-३०३ हे यंत्र वापरलं. एकट्या गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून बनवलेलं हे यंत्र बाजारात चाललं नाही, १९८४मध्ये बंद पडलं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, आणि आपल्या कानाला त्यात मींड ऐकू येते. खाली ठोक्यावर ठोका, मध्ये हे घरंगळणारे स्वर आणि वर रागाची बढत. शिकागोच्या पोरांनी हेच यंत्र जुन्या बाजारातून स्वस्तात उचललं आणि १९८७ साली त्यातून अॅसिड हाऊस नावाचा नाचाच्या संगीताचा नवा प्रकार जगापुढे आला. मुंबईतल्या माणसाने त्याच यंत्रातून तसाच नाद पाच वर्षं आधी काढून ठेवला होता. शिकागोवाल्यांना याची गंधवार्ता नव्हती, सिंग यांना त्यांची असण्याचा प्रश्नच नव्हता.

ही रेकॉर्ड दुर्मीळ होती, हे तिचं दुर्दैव. मी लिहिलं ते तिच्यात ऐकू येतं त्याबद्दल. मूळ प्रत विकत घ्या असं मी कधी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. फोनवर लावा, इअरफोन घाला, मालकंस ऐका. माझं म्हणणं खोटं वाटलं तर मला खोडून काढा. कौतुक करणाऱ्याने एवढी सोय ठेवलीच पाहिजे: तो जे सांगतो ते ऐकणाऱ्याला स्वतःच्या कानाने तपासता यावं.

आणि एका माणसाच्या उत्साहाने काय होतं तेही याच रेकॉर्डने दाखवलं. एदो बाउमन या डच संग्राहकाला ती भारतात सापडली, त्याने २०१०मध्ये ती पुन्हा काढली, आणि सिंग यांनी उतारवयात युरोपातल्या श्रोत्यांसमोर हे राग वाजवले. २०१५ साली ते गेले. कुणी बोललंच नसतं, तर ते ही दाद न ऐकताच गेले असते. वष्टी बन्यन या इंग्रज गायिकेचंही तसंच. घोडागाडीने स्कॉटलंडच्या बेटांकडे जाताना रचलेली तिची गाणी १९७०मध्ये आली, कुणी फिरकलं नाही, तिने गाणं सोडलं. २०००मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली, नवे श्रोते भेटले, आणि २००५ साली तिचा दुसरा अल्बम आला. पस्तीस वर्षांनी! दादा, हे वाचून तुम्हाला काहीच वाटत नाही का?

सगळंच उत्तम वाटतं, हे मात्र खरं नाही. शॅग्ज या अमेरिकन बहिणींच्या १९६९च्या रेकॉर्डवर जाणकार जीव टाकतात. मला ती भावत नाही, म्हणून लिहिलेलं नाही. जर्मनीच्या 'नॉय!' या वादकांच्या जोडीचे १९७३मध्ये पैसे संपले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या रेकॉर्डच्या एका बाजूवर आपलीच जुनी दोन गाणी वेग कमी-जास्त करून भरली. गोष्ट ऐकायला छान आहे, ती बाजू ऐकायला नाही. पहिली बाजू मात्र आजही रात्रीच्या प्रवासात लावतो. तिच्यातल्या पहिल्याच गाण्यात अकरा मिनिटं तोच एक सरळ ठेका, गिटार हळूहळू उजळत जाते, आणि कंटाळा येत नाही. जे पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटतं त्यावरच लिहायचं, हीच माझी पारख.

कानबाईबद्दल तुमच्याशी वाद नाही. श्रावणात कानबाई बसते त्या रात्री बायका जे गातात, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर गौराईची जी अहिराणी गाणी होतात, त्यांची गोडी मी लहानपणापासून ऐकतो आहे. लिहिलं नाही, कारण पुण्यातल्या किंवा नागपूरच्या वाचकाच्या हातात ऐकायला काय देऊ? गाव बदललं की चाल बदलते, आणि तुमच्या गल्लीतली चाल कुठे ध्वनिमुद्रित झालेली मला मिळालेली नाही. नुसती विशेषणं लिहिली, तर तुमचा आक्षेप तेव्हा खरोखर लागू पडेल.

पण तुम्हीच शेवटी लिहिलंय, की घरात अहिराणी गाण्यांच्या आणि वहीगायन या आपल्याकडच्या लोकगायनाच्या जुन्या कॅसेट्सची पेटी पडून आहे. दादा, त्या कृपा करून लगेच टेपमध्ये घालू नका. आधी पट्टीवर पांढरी बुरशी दिसते का पाहा, दिसली तर ती कॅसेट बाजूला ठेवा. पट्टीला मागून टेकणारा फेल्टचा तुकडा निघालेला असेल तर आवाज दबका येतो, तो बदलता येतो. चांगल्या असतील त्या एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या, मगच वाजवा. कव्हरवर गाणाऱ्यांची, गावाची नावं असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा. चांगला डेक आणि संगणकावर उतरवायची वायर माझ्याकडे आहे. रविवारी अमळनेरला येऊ का, तेवढं कळवा.