पौलाने मदतही घेतली

श्रद्धा आणि समाधान यांवरचा तुमचा लेख आवडला, पण ‘श्रद्धा असली की कसल्याही परिस्थितीत समाधान मिळतं’ एवढ्यावरच थांबलात, ते पटलं नाही. ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक संत पौल याने ‘फिलिप्पैकरांस पत्र’ (बायबलच्या नव्या करारातलं, फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं) कैदेत असताना लिहिलं. चौथ्या अध्यायात तो म्हणतो, आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला शिकलो. आणि लगेच पुढे त्या मंडळीने आपला माणूस एपफ्रदीत याच्या हाती पाठवलेल्या मदतीबद्दल लिहितो, की माझ्या संकटात सहभागी झालात, बरं केलंत. आमच्या वसईच्या कोळीवाड्यात हे वेगळं सांगावं लागत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर, बँकेचे हप्ते मात्र चालूच! तेव्हा घरात रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते आणि शेजारीण (न विचारताच) सुके बोंबील ठेवून जाते. नुसतं ‘देवावर सोड’ म्हणणाऱ्यांचा मला रागच येतो.