वीस मिलीची शिक्षा

माउथवॉशची चूळ 20 मिली, तोंडात 30 सेकंद, वर पाणी घालायचं नाही. एवढं सगळं बाटलीवर छापलंय. तोंड भरलेल्या माणसाशी कोणी वाद घालू नये, हे मात्र छापलेलं नाही.

आज सकाळी मी खळ्यात गाल फुगवून घड्याळ बघत होतो. गडग्यापलीकडून काकी.

“काय रे झिला, दाताक कळ इली?”

मान हलवली. आठ सेकंद.

“मगे ह्या निळा पाणी कित्याक? मिठाचा घे. बांगडो मिठात घातल्यार कुसता काय? मगे दात कित्याक कुसतीत?”

याचं उत्तर मला येतं, पण ते बाटलीतल्या निळ्या, झिंक क्लोराइडच्या (जस्ताच्या क्षाराच्या) पाण्याखाली बुडालेलं. काकी, बांगड्याला मूठमूठ मीठ लागतं, आणि ते कित्येक दिवस त्यातलं पाणी ओढत बसतं, म्हणून जंतूंचं काही चालत नाही. तोंडातलं मीठ अर्ध्या मिनिटात मोरीत! पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा, म्हणजे जेमतेम सव्वा टक्का. हिरडी हुळहुळली तर त्याने बरं वाटतं, नाही कोण म्हणतो? पण दातावरचा प्लाक म्हणजे जंतूंनी स्वतःच विणलेली चिकट चटई. ती ब्रशनेच खरवडावी लागते. झिंकचा क्षार फार तर जंतूंचं आम्ल करणं मंदावतो आणि लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट त्या चटईवर थिजायला उशीर लावतो. बदल्यात काजूचं कच्चं बोंडू चावल्यासारखी जीभ ओढते.

एकदा का ती चटई थिजून कीट झालं, की निळी चूळ काय नि खारी काय, दोन्ही सारख्याच निरुपयोगी. मग खुर्चीत आडवं पडायचं, कीट खरवडून घ्यायचं आणि पैसे मोजायचे. मागच्या आठवड्यात मोजले. बाटलीचे वेगळे.

“नायतर समुद्र मागीलदाराक असा. फुकट!”

समुद्रात साडेतीन टक्के मीठ, वर ट्रॉलरचं डिझेल. मला हसू फुटलं, चोविसाव्या सेकंदाला. निम्मी चूळ नाकातून आली.

“बघ, बाधला!”

चूळ टाकल्यावर अर्धा तास खाणं-पिणं बंद, नाहीतर दाताला लागलेलं झिंक धुऊन जातं. आत तव्यावरून घावणे उतरत होते. काकीला अशी काही अट नव्हती. तिने चार खाल्ले, आणि पाचवा करपलाय म्हणून माझ्यासाठी ठेवला.