पांढरी पिल्ले जन्मली म्हणजे वाघ वाचला?

छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात वाघिणीला पिल्ले झाली की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. त्याचा आशय असा: पांढरा वाघ ही नामशेष होत चाललेली जात आहे, तिची पैदास करून मराठवाड्याने वाघ वाचवला, आता ही पिल्ले जवळच्या गौताळा अभयारण्यात सोडावीत, आणि मुलांना वन्यजीव कळायला पिंजऱ्यातला वाघ दाखवला की झाले. पाठवणाऱ्यांचा वाघावर खरोखर जीव असतो. पण यातले चारही मुद्दे चुकीचे आहेत.

पांढरा वाघ ही वेगळी जात नाही, तो आपला पट्टेरी वाघच. रंगद्रव्याशी संबंधित एका जनुकातल्या बदलामुळे त्याचा पिवळा रंग जातो आणि काळसर पट्टे राहतात. हे जनुक आई आणि बाप दोघांकडून आले तरच पिल्लू पांढरे होते. 1951 मध्ये रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन या पांढऱ्या वाघाला पिवळ्या वाघिणीपासून झालेली सगळी पिल्ले पिवळीच निघाली. मग त्याच्याच मुलीशी, राधाशी, त्याची जोडी लावली आणि 1958 मध्ये पांढरी पिल्ले मिळाली. आज ठिकठिकाणी दिसणाऱ्या बहुतेक पांढऱ्या वाघांचा वंश तिथे जाऊन पोहोचतो. रंग टिकवण्यासाठी नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या की एरवी दबून राहणारे दोषही वर येतात. शिवाय या वाघांमध्ये डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे काही मज्जातंतू चुकीच्या बाजूला वळतात, म्हणून त्यांच्यात तिरळेपणा बराच दिसतो. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने 2011 मध्येच आपल्या सदस्यांना अशी पैदास बंद करायला लावली. सिद्धार्थमधल्या पांढऱ्या वाघांची उत्तम निगा राखलीच पाहिजे. रंगासाठी नव्या जोड्या मात्र लावू नयेत.

‘पैदास झाली म्हणजे संवर्धन झाले’ हा मुद्दा त्याहून जास्त दिशाभूल करतो, कारण तो अर्धा खरा आहे. प्राणिसंग्रहालयात जन्मलेले जीव एखादी जात वाचवू शकतात, पण कसे, ते गिधाडांवरून समजते. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. 1990 च्या दशकापासून देशातली गिधाडे झपाट्याने संपत गेली. हरियाणातल्या पिंजोरला पैदास केंद्र उभे राहिले, पुढे हैदराबाद आणि भोपाळच्या प्राणिसंग्रहालयांनीही हे काम घेतले. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, म्हणून पहिले अंडे काढून यंत्रात उबवतात आणि जोडी दुसरे घालते. पण 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली नसती, तर पिल्ले कितीही वाढवली तरी बाहेर पडताच मेली असती. बंदीनंतरही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात होत्या, म्हणून 2015 मध्ये कुपी 3 मिलीपुरतीच ठेवण्याचा नियम झाला. पिंजोरची काही गिधाडे 2024 मध्ये ताडोबा आणि पेंचला आणून, ट्रान्समीटर लावून सोडली गेली. बैल आजारी पडल्यावर डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम, म्हणजे गिधाडांना न बाधणारे वेदनाशामक, मागणारा मराठवाड्यातला शेतकरीही या कामाला हातभार लावतो.

वाघाचे तसे नाही. पिंजऱ्यात तो सहज वितो, पिल्लांची टंचाई नाही. टंचाई आहे ती जंगलातल्या सावजाची, पाण्याची आणि एका जंगलातून दुसऱ्यात जायच्या वाटेची.

म्हणून ‘गौताळ्यात सोडा’ ही मागणी धोक्याची आहे. जंगलातले पिल्लू दीड-दोन वर्षे आईमागे फिरून शिकार शिकते आणि माणसाला टाळायलाही शिकते. पिंजऱ्यातल्या वाघाला माणूस म्हणजे मांस घेऊन येणारा, एवढेच ठाऊक असते. तो सुटला तर पहिल्यांदा गावाकडे, बांधलेल्या गुरांकडे जाईल. 2011 मध्ये मध्य प्रदेशात कान्हाच्या जंगलातून पन्नाच्या जंगलात सोडलेल्या दोन वाघिणी, सख्ख्या बहिणी, जगल्या आणि व्याल्या, हे खरे. पण त्या जंगलातच जन्मलेल्या अनाथ होत्या आणि मोठ्या कुंपणात जिवंत सावज मारत, माणसापासून लांब वाढवल्या होत्या. इकडे गौताळ्यात 2021 मध्ये आणि येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात 2024 च्या अखेरीस वाघ आले, ते यवतमाळच्या टिपेश्वरमधून आपल्या पायांनी. गौताळ्याला वाघ हवा असेल तर ही वाट मोकळी ठेवावी लागेल.

राहिला शिक्षणाचा मुद्दा. पिंजऱ्यासमोर दोन मिनिटे थांबून, फोटो काढून, हरणाला फुटाणे टाकून मूल पुढे गेले तर ते काही शिकत नाही. ते फुटाणे आणि त्यांची प्लॅस्टिकची पिशवी हरणाच्या पोटात जाऊन त्याचा जीव घेऊ शकते. प्राण्यांना खायला घालणे, डिवचणे हा कायद्यानेही गुन्हा आहे.

मराठवाड्यातल्या मुलाला उपयोगी पडेल असे शिक्षण वेगळे आहे. ‘बिबट्या आला’ या अफवेने गावे रात्र रात्र जागतात, आणि सकाळी ठसा तरसाचा किंवा कुत्र्याचा निघतो. बिबट्याच्या ठशात नखे उमटत नाहीत, तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. तरस आणि कुत्र्याच्या ठशात नखे दिसतात. दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिस आणि एक भाग पाणी कालवून ओल्या मातीतल्या ठशात ओतले की अर्ध्या तासात साचा निघतो. घट्ट कालवले तर बोटांच्या खाचा भरत नाहीत, पातळ झाले तर उचलताना मोडते. संभाजीनगरजवळच्या मिटमिट्याच्या नव्या सफारी पार्कात असे साचे मुलांच्या हाती द्यावेत, आणि माळरानावरचे लांडगा, खोकड, चिंकारा, काळवीट यांचा विभाग दारातच ठेवावा.